गिअर ऑइल बदललं तरी पुन्हा दुधाळ होतंय? स्कूटरच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं कुठून ते आधी शोधा

वाटीत जे पडलं त्याला ऑइल म्हणवत नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहाचा रंग, वर बारीक फेस, आणि बोटावर घेतलं तर साबणासारखं बुळबुळीत. बारा दिवसांपूर्वी याच गिअरबॉक्समध्ये मी स्वतः नवं, मधासारखं स्वच्छ ऑइल भरलं होतं. त्याच्याही आधी जूनच्या अखेरीस एकदा बदललं होतं. एका पावसाळ्यातली ही तिसरी खेप.

गाडी आमच्या वहिनींची, ११० सीसीची. कोल्हापुरातून रत्नागिरी रोडने केर्लीच्या बाजूला त्या रोज नोकरीला जातात. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आमच्याकडे पावसाळ्यात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. पाणी इशाऱ्याच्या वर गेलं की वहिनी गाडी घरीच ठेवतात. म्हणजे गाडी कधी पुरात बुडालेली नव्हती. तरी दर दहा-बारा दिवसांनी त्यांचं तेच वाक्य: "भावजी, मागच्या चाकातनं परत तसाच हूं आवाज येतोय बघा."

गॅरेजमध्ये निदान झालं, "सील गेलंय, गिअरबॉक्स खोलायला लागेल." तीन-चार दिवस गाडी ठेवा म्हणाले. सील, म्हणजे ॲक्सलभोवतीची ऑइल अडवणारी रबरी रिंग, गेलेलं नव्हतं. खरं कारण बोटभर लांबीच्या एका रबरी नळीत होतं आणि ते सापडायला मला तिसरी खेप लागली. तुमच्याकडेही ऑइल पुन्हा पुन्हा दुधाळ होत असेल, तर नुसतं बदलत राहू नका. प्रत्येक खेपेला आतली बेअरिंग थोडी थोडी गंजत असतात.

गिअर नसलेल्या गाडीला गिअर ऑइल कशाला

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. स्कूटरच्या डाव्या बाजूच्या लांब कव्हरखाली बेल्ट, पुढे व्हेरिएटर (वेग बदलणारी पुली) आणि मागे क्लच असतो. हा सगळा भाग कोरडा चालतो, तिथे ऑइलचा थेंबही नको. पण क्लचपासून मागच्या चाकापर्यंत वेग कमी करून ताकद वाढवायला दातेरी चाकांच्या दोन जोड्या असतात. त्या मागच्या चाकाला चिकटून असलेल्या छोट्या बंद डब्यात असतात आणि डब्याच्या तळाशी असलेल्या ऑइलमधून फिरतात. ते ऑइल म्हणजे गिअर ऑइल. इंजिन ऑइलशी त्याचा काही संबंध नाही, ते वेगळं भरावं लागतं, आणि ते आहे की संपलं हे सांगणारा कुठलाही दिवा डॅशबोर्डवर नाही.

प्रमाण किती, तर होंडा ॲक्टिव्हाच्या ११० सीसी गाड्यांत ऑइल काढून भरताना १२० मिलि, आणि गिअरबॉक्स पूर्ण खोलून जोडला असेल तर १४० मिलि. जेमतेम एक कप चहाएवढं. इतक्या कमी ऑइलमध्ये दोन चमचे पाणी शिरलं तरी काय होईल ते बघा. १० मिलि म्हणजे आठ टक्के पाणी. दाते ते घुसळतात आणि ताकासारखं एकजीव करून टाकतात. मग ऑइलचा थर तुटतो, बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके येतात आणि चाकातून घूं किंवा हूं असा आवाज सुरू होतो. आवाज वेगाबरोबर चढतो, आणि गाडी बंद करून मेन स्टँडवर चाक हाताने फिरवलं तरी खरखर हाताला लागते.

इथे एक खबरदारी घ्या. जुने मेस्त्री चेतकच्या जमान्यापासून गिअर ऑइल म्हटलं की आपल्या सवयीचं ऑइल काढतात. चेतकचा गिअरबॉक्स वेगळा, त्यात क्लचही ऑइलमध्येच फिरायचा. आजच्या गाडीला तिच्या पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच घाला. होंडाच्या स्कूटरसाठी १०डब्ल्यू-३० च्या १२० मिलिच्या छोट्या बाटल्या मिळतात. काही कंपन्या जाड गिअर ऑइल सांगतात. अंदाजाने जाड ऑइल घालून आवाज दाबू नका. आवाज काही दिवस दबतो, गंज दबत नाही.

आधी खात्री करा: पाणीच आहे का

करडं ऑइल आणि दुधाळ ऑइल यांत गल्लत होते. करडं, उन्हात धरलं की चंदेरी चमकणारं ऑइल म्हणजे धातूचा बारीक चुरा. नव्या गाडीच्या पहिल्या बदलीला तो थोडाफार निघतोच. नखाने उचलता येईल असा तुकडा निघाला तर मात्र विषय वेगळा, गिअरबॉक्स खोलावाच लागेल.

पाण्याची खात्री करायला घरातल्या घरात एक चाचणी होते. जुना स्टीलचा चमचा, जो पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही असा, चिमट्यात धरून गॅसवर तापवा. गॅस बंद करा, चमचा शेगडीपासून लांब न्या आणि काडीने त्यावर काढलेल्या ऑइलचा एकच थेंब सोडा. चष्मा घाला, तोंड लांब ठेवा. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. नसेल तर थेंब गुपचूप पसरतो आणि थोडा धूर देतो. आमच्या वाटीतला थेंब इतका तडतडला की वहिनी आतून बाहेर आल्या.

पाणी शिरण्याच्या वाटा

गिअरबॉक्सला वर एक श्वासाची वाट असते. गॅरेजात तिला ब्रीदर म्हणतात. गाडी पळाली की डबा तापतो, आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते. थंड झाला की तेवढीच हवा परत आत ओढली जाते. समजा आतली हवा ८० अंशांवरून २५ अंशांवर आली, तर ती जवळपास सहाव्या हिश्श्याने आकसते. ही ओढ सावकाश झाली तर काही बिघडत नाही. पण तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात गेला, किंवा वॉशिंग सेंटरवर पोचल्या पोचल्या त्यावर प्रेशरचं पाणी मारलं, तर डबा जोरात श्वास आत घेतो. त्या क्षणी ब्रीदरच्या तोंडाशी पाणी असेल तर पाणीच आत जातं.

म्हणून बऱ्याच गाड्यांत ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं तोंड वर, एअर फिल्टरच्या डब्याच्या आडोशाला नेलेलं असतं. काही गाड्यांत नुसती टोपी असते. आमच्या गाडीत नळी होती. निदान कंपनीतून गाडी आली तेव्हा होती.

तिसऱ्या खेपेला मी एअर फिल्टरचा डबा उतरवला आणि टॉर्च लावून मागे पाहिलं. गिअरबॉक्सच्या माथ्यावर पेन्सिलच्या जाडीची लोखंडी नळकांडी उघडी उभी होती. नळी निसटून खाली, टायरच्या बाजूला वाकून लोंबत होती. नळकांडीच्या तोंडाभोवती वाळलेल्या लाल मातीचं कडं होतं, आणि आत काडी फिरवली तर ओला गाळ आला, चहाच्या गाळणीत तळाला राहतो तसा बारीक. मे महिन्यात सर्व्हिसिंगला फिल्टरचा डबा काढला होता. बसवताना नळी परत खोचायची राहिली असणार. मग पुराची गरजच काय? मागचा टायर ओल्या रस्त्यावर जे पाणी उडवतो, ते थेट त्या उघड्या तोंडावर पडत होतं.

त्यामुळे माझा आग्रह आहे, पहिली नजर ब्रीदरवर. नळी जागेवर आहे का, तिला चीर आहे का, ती कशाखाली चेपली आहे का. बंद झालेली नळीही तितकीच वाईट. हवेला वर वाट मिळाली नाही की ती सील ढकलून वाट काढते आणि ऑइल गळू लागतं.

ब्रीदर ठीक असेल तर पुढे लेव्हलचा (ऑइलची पातळी बघायचा) बोल्ट आणि ड्रेनचा (ऑइल काढायचा) बोल्ट यांचे वायसर, म्हणजे बोल्टाखालच्या चकत्या, बघा. तेच जुने चपटे झालेले वायसर चार चार वेळा वापरले जातात. काही गाड्यांत भरायच्या झाकणाला रबराची रिंग असते, ती कडक झाली की पाणी झिरपतं. सर्वात शेवटी मागच्या ॲक्सलचं सील.

सील आहे की गेलं हे न खोलता ताडायची एक पद्धत मी वापरतो. ऑइल काढून दोन्ही बोल्ट घट्ट करा. ब्रीदरच्या तोंडाला स्वच्छ प्लास्टिकची नळी जोडून तोंडाने हलकी फुंक मारा आणि नळी जिभेने अडवून धरा. दाब काही सेकंद टिकला तर गळती मोठी नाही. लगेच सुटला तर बोल्टांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले तर वायसर. तिथे काही नाही आणि हवा चाकाकडून फुसफुसते आहे असं वाटलं तर सील. लेव्हलचा बोल्ट उघडा ठेवून फुंकलं तर हवा सहज निघायला हवी, नाही निघाली तर ब्रीदरच तुंबलाय. कॉम्प्रेसरची हवा इथे अजिबात लावू नका. चांगलं सीलही जागेवरून उडेल.

आमच्या गाडीने फुंक छान धरली. मग मी गिअरबॉक्स खोलायचा विचार सोडून दिला.

आता बदली

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवा. नसेल तर हे काम घरच्या अंगणात अर्ध्या तासाचं आहे. लागतं एवढंच: १२ नंबरचा रिंग पाना किंवा गोटी पाना (माझ्या गाडीला हा लागतो, तुमचा बोल्ट मोजून घ्या), नवे वायसर, योग्य ऑइल, मेडिकलमधून ५० मिलिची सिरिंज आणि तिला बसेल अशी हातभर नळी, जुना टूथब्रश, फडकं आणि एक पसरट भांडं.

सात-आठ किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होऊन सगळं उतरतं. सपाट जागी मेन स्टँडवर लावा, किल्ली काढा. सायलेन्सर तापलेला असतो, हात सांभाळा. दोन्ही बोल्टांभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने साफ करा. आपण पाणी बाहेर काढायला बसलोय, माती आत घालायला नाही.

बोल्ट ओळखा. इंजिन ऑइलचा बोल्ट पुढे, इंजिनच्या पोटाखाली असतो. गिअर ऑइलचा मागे, चाकाच्या ॲक्सलच्या खालच्या अंगाला. ही चूक फार होते: माणूस इंजिन ऑइल काढून टाकतो, गिअरबॉक्समध्ये आधीच्या ऑइलवर आणखी १२० मिलि ओततो आणि गाडी चालू करतो. इंजिन कोरडं आणि गिअरबॉक्स तुडुंब. एका चुकीत दोन्हीकडचं नुकसान.

वरचा लेव्हलचा किंवा भरायचा बोल्ट आधी सोडवा, खालचा नंतर. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचा आधी काढला असेल, तर गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही, अशी गाडी गॅरेजपर्यंत ढकलत न्यावी लागते. अडकलाच तर आजूबाजूला गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा.

खालचा बोल्ट काढला की ऑइल भांड्यात पडू द्या. धार थांबली की मागचं चाक हाताने सावकाश फिरवा, दात्यांमध्ये अडकलेलं उतरतं. किक किंवा सेल्फ मारू नका. भांड्यातलं ऑइल मोजा. १२० च्या ठिकाणी ८० मिलि निघालं तर पाण्याबरोबर गळतीही आहे. १५० निघालं तर ३० मिलि बाहेरून आलंय, किंवा आधीच्याने जास्त भरलंय. हे मोजायचं मी पहिल्या दोन खेपांना केलं नव्हतं. तिसऱ्या वेळी १३५ मिलि निघालं. भरलं होतं १२०. वरचं १५ मिलि म्हणजे पाणीच, हे तिथेच कळलं.

वायसर नवा टाकून ड्रेनचा बोल्ट आधी बोटांनी फिरवा, आटे सरळ धरले की मगच पाना लावा. कवच ॲल्युमिनियमचं असतं. साधारण १२ न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे वीतभरापेक्षा थोड्या आखूड, १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला आठ किलोचा भार. मनगटाचा जोर लावा, खांद्याचा नको. आटे गेलेच तर एम-सील फासून वेळ मारू नका. आमच्याकडे उद्यमनगरात लेथवाले नवे आटे बसवून देतात, तुमच्या गावातही असं कुणी असेल.

एका बदलीने दूध जात नाही

दुधाळ ऑइल दात्यांना, बेअरिंगला, कवचाच्या कोपऱ्यांना चिकटून राहतं. नवं ऑइल भरलं की ते त्यात मिसळतं आणि दोन दिवसांत पुन्हा धुरकट दिसतं. मग वाटतं, पाणी अजून शिरतंय. वाट बंद केल्यानंतरची पहिली बदली ही धुवायची बदली समजा. त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल चालेल. ते भरून आठ-दहा किलोमीटर चालवा, गरम असतानाच काढा, पुन्हा भरा. आमच्या गाडीला दोनदा धुवावं लागलं. पहिल्यांदा पातळ ताकासारखं निघालं, दुसऱ्यांदा नुसतं धुरकट, आणि तिसरं भरलं ते ठेवायचं.

रॉकेल किंवा डिझेल घालून धुवा असं बरेच सांगतात. मी करत नाही. ते पूर्ण निघत नाही, आणि १२० मिलिमध्ये दहा-पंधरा मिलि डिझेल मागे राहिलं तर नवं ऑइलही पातळ होऊन बसतं.

भरताना सिरिंजने मोजून भरा. ५०, ५० आणि २०. लेव्हलच्या बोल्टाचं भोक असेल तर ऑइल त्याच्या खालच्या काठाशी टेकलं की थांबा. "थोडं जास्त असलेलं बरं" हे तुपाच्या बाबतीत ठीक आहे. इथे जास्तीचं ऑइल घुसळून तापतं आणि सीलवर दाब देतं. एका बाजूने निघालं तर कोरड्या क्लच-बेल्टवर, मग गाडी उचलत नाही, क्लच घसरतो. दुसऱ्या बाजूने निघालं तर मागच्या ब्रेक ड्रममध्ये. ते सगळ्यात धोक्याचं. लायनर ऑइल पितो आणि ऐन उतारावर ब्रेक हवेत जातो. रिमच्या आतल्या बाजूला काळी ओली नक्षी दिसली, किंवा ब्रेकचा खटका एकाएकी मऊ लागला, तर गाडी तिथेच थांबवा. ऑइल प्यायलेला लायनर पॉलिश पेपरने घासून किंवा पेट्रोलने पुसून परत वापरू नका, बदला. सीलही त्याच वेळी बदलून घ्या.

गाडी पुरात उभीच राहिली असेल तर

२०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला पार्किंगमधल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. अशा गाडीला सेल्फ मारू नका. बाकीची दुरुस्ती कधी व्हायची ती होईल, पण पाणी उतरलं त्याच दिवशी गिअर ऑइल काढून नवं भरा आणि चाक हाताने वीस-पंचवीस वेळा फिरवा, म्हणजे बेअरिंगवर ऑइलचा थर बसतो. हे काम गॅरेजची रांग लागण्याआधी घरीही होतं. गंज काही रांग संपायची वाट बघत नाही. ते ऑइलही नंतर बदलायचंच आहे.

काढलेलं ऑइल गटारीत किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. रिकाम्या बाटलीत भरून जवळच्या गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. कुणी नाही म्हणत नाही.

आमच्या गाडीला मी नवी रबरी नळी घातली, दोन्ही टोकांना छोट्या क्लिपा लावल्या आणि तिचं वरचं तोंड एअर फिल्टरच्या डब्यामागे परत बांधलं. ऑगस्टभर वहिनी त्याच रस्त्याने गेल्या-आल्या. हूं आवाज बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. एक बेअरिंग आधीच्या दोन खेपांत खरवडलं गेलंय, ते दिवाळीनंतर बदलायचं आहे. गणपती झाल्यावर लेव्हलचा बोल्ट उघडून काडी बुडवून पाहिली. काडीवर आलेलं ऑइल मधाच्या रंगाचं होतं, आणि तापल्या चमच्यावर त्याने आवाज केला नाही.